पुन्हा तोंड आलं

१९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन पानांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. डेव्हिड रे आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग साधा होता, पण ऐकूनच ओठ आवळले जावेत असा. ज्यांना वारंवार तोंड येतं अशी काही माणसं आणि ज्यांना तो त्रास नाही अशी काही माणसं त्यांनी घेतली. दोन्ही गटांच्या तोंडाच्या आतल्या अस्तराला त्यांनी मुद्दाम सुईने इजा केली आणि पुढे काय होतं ते पाहत बसले. त्रास नसलेल्यांच्या तोंडातली टोचणी नेहमीसारखी भरून आली. वारंवार तोंड येणाऱ्यांपैकी सगळ्यांच्या नाही, पण काहींच्या तोंडात मात्र टोचलेल्या जागीच ओळखीची गोल, झोंबणारी जखम उभी राहिली.

इजा सारखीच, परिणाम वेगळा. म्हणजे सुई हे निमित्त होतं. कारण त्या माणसाच्या शरीरात आधीपासून दबा धरून होतं. या प्रकरणात हा फरक आपल्याला सतत लागणार आहे. वारंवार तोंड येणारा माणूस आयुष्यभर निमित्तं मोजत असतो: परवाचं जागरण, कालची मिसळ, दात घासताना लागलेला ब्रश, दाताच्या डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन. ही निमित्तं खोटी नसतात. पण तेवढ्यावर चौकशी थांबली की कारण शोधायचं राहून जातं, आणि क्वचित प्रसंगी ते राहून जाणं महागात पडतं.

आठ-दहा दिवसांची जखम

पाच माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास वारंवार होतो. बहुतेकांची सुरुवात शाळा-कॉलेजच्या वयात होते आणि चाळिशीकडे जाताना तो आपोआप विरळ होतो. घरात आईला किंवा वडिलांना असेल, तर मुलांना होण्याची शक्यता बरीच वाढते.

क्रम ठरलेला असतो. आधी एक-दोन दिवस ओठाच्या आत किंवा गालाच्या आतल्या बाजूला चुरचुरतं. मग लाल ठिपका दिसतो. तो मधोमध फाटतो आणि उथळ खड्डा तयार होतो. खड्ड्याच्या तळाशी चहावरच्या सायीसारखा पिवळट-पांढरा थर, भोवती लालभडक कडं. आपण त्याला फोड म्हणतो, पण त्यात पाणी भरण्याची पायरी कधी येतच नाही. पहिले तीन-चार दिवस वेदना सर्वांत जास्त असते, कारण अस्तराखालच्या मज्जातंतूंची टोकं उघडी पडलेली असतात. मीठ, लिंबू, तिखट, गरम चहा या सगळ्यांचा थेट मारा त्यांच्यावर होतो. मग कडेने नवं अस्तर सरकत येतं आणि सात ते चौदा दिवसांत जखम व्रण न ठेवता बुजते.

हा झाला लहान प्रकार. जखम एक सेंटिमीटरच्या आत, एका वेळी एक ते पाच. वारंवार तोंड येणाऱ्या दर दहांपैकी आठांहून जास्त लोक याच गटात मोडतात. दुसरा मोठा प्रकार अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ रिचर्ड सटन यांनी १९११ मध्ये वर्णन केला. यात जखम एक सेंटिमीटरहून मोठी आणि खोल असते, कित्येक आठवडे किंवा महिने टिकते आणि जाताना व्रण ठेवते. तिसऱ्या प्रकारात टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक जखमा डझनांनी, कधी शंभरापर्यंत, एकदम उठतात आणि एकमेकींत मिसळून वेडेवाकडे पट्टे तयार होतात.

तिन्ही प्रकारांत जंतू सापडत नाही. आपल्याच रक्तातल्या टी-पेशी अस्तराच्या पेशींवर चाल करून जातात, टीएनएफ-अल्फा नावाचा दाह वाढवणारा पदार्थ तिथे वाढतो आणि अस्तराचा तेवढा तुकडा मरतो. म्हणून हा त्रास उष्ट्यातून, चुंबनातून किंवा एका पेल्यातून पाणी प्यायल्याने पसरत नाही. म्हणूनच अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही. आणि या जखमांचा पुढे कॅन्सर होत नाही, हेही इथेच सांगून टाकावं. बरेच रुग्ण ही भीती मनात ठेवून दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसतात आणि विचारत मात्र नाहीत.

आधी जागा बघा

सुश्रुतसंहितेत मुखरोग पासष्ट सांगितले आहेत आणि त्यांची वाटणी जागेवरून केली आहे: ओठांचे आठ, हिरड्यांचे पंधरा, दातांचे आठ, जिभेचे पाच, टाळूचे नऊ, कंठाचे सतरा आणि तोंडभर पसरणारे तीन. रोगांची ही मांडणी आधुनिक दंतवैद्यक वापरत नाही, पण जागेवरून सुरुवात करण्याची शिस्त त्याने सोडलेली नाही.

तोंडातलं अस्तर सगळीकडे सारखं नसतं. हिरड्या, टाळूचा पुढचा कडक भाग आणि जिभेची वरची बाजू घास चावताना घर्षण सोसते, म्हणून तिथलं अस्तर जाड आणि खालच्या थराला घट्ट चिकटलेलं असतं. ओठांची आतली बाजू, गाल, जिभेखालची जागा, जिभेच्या कडा आणि टाळूचा मागचा मऊ भाग इथे ते पातळ आणि सैल असतं. नेहमीचं तोंड येतं ते जवळजवळ नेहमी या सैल जागी.

नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचं वागणं उलट आहे. पहिल्या लागणीनंतर तो पुन्हा डोकं काढतो ते ओठाच्या बाहेरच्या कडेवर, हिरडीवर किंवा कडक टाळूवर. त्यात आधी खरोखर पाण्याचे बारीक पुळे येतात आणि मग फुटतात. तो संसर्गजन्य असतो. या दोघांची गल्लत झाली तर औषध उलटं पडतं: नेहमीच्या जखमेवर जे स्टेरॉइडचं मलम उपयोगी पडतं, ते हर्पिसवर लावलं तर विषाणूला मोकळं रान मिळतं. डॉक्टर आरसा घेऊन तोंड उघडायला सांगतात तेव्हा जखम कशी आहे याआधी ती कुठे आहे हे ते पाहत असतात.

खुर्चीतून उठल्यावर

दाढ भरून, दात काढून किंवा तारा बसवून घरी गेलेला रुग्ण दोन-तीन दिवसांनी फोन करतो: "तुमच्याकडून गेलो आणि तोंड आलं." तक्रार बहुधा खरी असते. सुईची टोचणी, कापसाचा बोळा ओढताना निघालेलं अस्तर, उपकरणाची घासलेली कड, इतकं निमित्त त्या माणसाला पुरतं. ज्याला हा त्रास आहे त्याने तो उपचाराआधीच सांगावा. कापसाचा बोळा ओला करून काढणं, ओठांना व्हॅसलीन लावणं, जखमा ताज्या असतील तर न अडलेलं काम आठवडाभर पुढे ढकलणं, इतकं डॉक्टर सहज करू शकतात.

पण दवाखान्याशी संबंधित प्रत्येक जखम या जातीची नसते. खालच्या जबड्याला बधिर करण्याचं इंजेक्शन दिल्यावर ओठ दोन-तीन तास सुन्न असतो आणि लहान मूल गंमत म्हणून तो चावत बसतं. दुसऱ्या दिवशी ओठ सुजतो, त्यावर मोठा पांढरा चट्टा दिसतो आणि पालक पू झाला म्हणून घाबरतात. ती फक्त चावलेली जखम असते. दाढ दुखते म्हणून गालात अ‍ॅस्पिरिनची गोळी धरून झोपणाऱ्याचं अस्तर आम्लाने भाजतं आणि पांढरं होऊन सोलतं. लवंगेचं तेल कापसावर ओतून तासन्‌तास दाबून ठेवलं तरी तेच होतं. नव्या कवळीची कड टोचते. किडून तुटलेल्या दाढेची धार जिभेच्या एकाच जागी रोज घासते. तारांचं टोक गालात रुततं; त्यावर मेणाची गोळी दाबून बसवली की आराम पडतो.

अशा जखमांची एक सोपी परीक्षा आहे. दोष दूर करा आणि थांबा. धार घासून काढली, कवळी नीट बसवली, की इजेची जखम दोन आठवड्यांत बरी होते. झाली नाही, तर ती फक्त इजेची नव्हती.

फेस आणणारं रसायन

रोज दोनदा तोंडात जाणाऱ्या एका गोष्टीकडे मात्र बराच काळ कोणी पाहिलं नव्हतं. टूथपेस्टला फेस येतो तो बहुधा सोडियम लॉरिल सल्फेटमुळे. शाम्पूतही तेच असतं. ते तोंडातल्या अस्तरावरचा ओलसर संरक्षक थर पातळ करतं. ऑस्लोच्या बेंते ब्रोकस्टाड हेर्लोफसन आणि पॉल बार्कव्होल यांनी १९९४ मध्ये वारंवार तोंड येणाऱ्या दहा जणांना हे रसायन नसलेली पेस्ट तीन महिने वापरायला दिली. जखमांची सरासरी १४.३ वरून ५.१ वर आली.

दहा माणसं म्हणजे फार थोडी. पुढे १९९९ मध्ये लंडनमध्ये झालेल्या अभ्यासात असा फरक दिसला नाही. नंतरच्या काही अभ्यासांत पुन्हा थोडा फायदा दिसला. म्हणजे हा रामबाण उपाय नाही. पण पेस्ट बदलायला विशेष खर्च नाही आणि धोकाही नाही. पाकिटावरची घटकांची यादी वाचून ते रसायन नसलेली पेस्ट तीन महिने वापरावी आणि जखमा मोजाव्यात. फरक पडला तर ठीक, नाही तर एक निमित्त यादीतून कमी झालं.

रक्तात काय कमी आहे?

सुईचा प्रयोग करणाऱ्या डेव्हिड रे यांनी त्याआधी, १९७५ मध्ये, ग्लासगोच्या सहकाऱ्यांबरोबर दुसऱ्या बाजूने शोध घेतला होता. वारंवार तोंड येणाऱ्या १३० रुग्णांचं रक्त त्यांनी तपासलं. २३ जणांत लोह, फॉलिक आम्ल किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. ज्याचं जे कमी होतं ते भरून दिल्यावर या २३ पैकी १५ जणांच्या जखमा पूर्ण थांबल्या आणि उरलेल्या आठांना स्पष्ट आराम पडला.

तोंडाच्या अस्तराच्या पेशी सतत झडतात आणि नव्या तयार होतात. नव्या पेशी घडवायला हे तिन्ही घटक लागतात. पुरवठा तुटला की अस्तर पातळ आणि हळवं होतं. महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे थोडं थांबावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे शहर आणि परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. बी-१२ वनस्पतींत नसतं. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातून जेमतेम मिळतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि आम्लपित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकतं.

मग तोंड आलं की बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेणारे बरोबरच म्हणायचे का? अमेरिकेत कनेक्टिकटच्या संशोधकांनी १६० रुग्णांना वर्षभर रोजच्या गरजेइतकी मल्टिव्हिटॅमिनची गोळी किंवा तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. २०१२ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांच्या जखमांत फरक नव्हता. उलट इस्रायलमध्ये इलिया व्होलकोव्ह यांच्या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५८ रुग्णांपैकी एका गटाला सहा महिने रोज रात्री १००० मायक्रोग्रॅम बी-१२ जिभेखाली ठेवायला दिलं. शेवटच्या महिन्यात या गटातल्या ७४ टक्के लोकांना एकही जखम झाली नाही. पोकळ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३२ टक्के होतं. म्हणजे थोडं थोडं सगळं देणाऱ्या गोळीपेक्षा, नेमकं काय कमी आहे ते पाहून पुरेशा मात्रेत दिलेलं औषध कामाचं.

मेडिकलच्या दुकानातून घेतलेल्या गोळ्यांच्या पत्त्याचा खरा तोटा वेगळाच आहे. पाच दिवस गोळी खाल्ली आणि तोंड बरं झालं, की श्रेय गोळीला जातं. पण ती जखम तशीही आठ-दहा दिवसांत जाणारच होती. दर दोन महिन्यांनी हाच खेळ चालतो आणि रक्त तपासायचं राहून जातं. फॉलिक आम्लाची गोळी आपल्या मनाने घेणं तर आणखी वाईट; बी-१२ कमी असताना ती घेतली तर रक्तातला दोष झाकला जातो आणि मज्जातंतूंचं नुकसान मात्र चालू राहतं. लोह कमी निघालं तर ते कुठे जातं हेही शोधावं लागतं. मासिक पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या बाईत उत्तर समोर असतं. पन्नाशीच्या पुरुषात ते मूळव्याध, अल्सर किंवा आतड्यातली गाठही असू शकतं.

तंबाखू सोडली आणि तोंड आलं

परीक्षा, लग्नाची धावपळ, रात्रपाळी या काळात जखमा वाढतात असं रुग्ण सांगतात आणि डॉक्टरांनाही तसं दिसतं. पण एक निमित्त असं आहे की ते नीट कळलं नाही तर माणूस चुकीचा निर्णय घेतो.

सिगारेट ओढणाऱ्यांना आणि तंबाखू खाणाऱ्यांना नेहमीचं तोंड येण्याचा त्रास कमी होतो. सततच्या धुराने आणि माऱ्याने तोंडाचं अस्तर जाड आणि राठ होतं, हे त्याचं एक स्पष्टीकरण. व्यसन सोडलं की हे कवच जातं. २००४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी सिगारेट सोडणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली; त्यात दर पाचांपैकी दोघांना तोंडात जखमा झाल्या, बहुतेकांना पहिल्या दोन आठवड्यांतच. बहुतेकांचा त्रास सौम्य होता आणि काही आठवड्यांत संपला.

आता विदर्भातला खर्रा सोडणारा किंवा कोकणातली मिश्री सोडणारी बाई डोळ्यांसमोर आणा. आठव्या दिवशी तोंड सोलतं, भाकरी गिळवत नाही, आणि शेजारचं कुणीतरी सांगतं, "तुला मानवत नाही सोडलेलं, थोडी लाव." तंबाखू परत सुरू होते आणि तोंड बरंही होतं. अनुभव खरा, निष्कर्ष घातक. व्यसन सोडवणाऱ्याने हे आधीच सांगायला हवं: पहिले काही आठवडे तोंड येऊ शकतं, ते सोसायचं आणि मागे फिरायचं नाही.

तोंडापुरतं न राहणारं दुखणं

थोड्या रुग्णांत तोंडातली जखम हे दूरच्या आजाराचं दारावर आलेलं पत्र असतं.

इस्तंबूलचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेट यांच्याकडे आलेल्या काही रुग्णांना तोंडात आणि जननेंद्रियावर वारंवार जखमा होत, आणि डोळे लाल होऊन दृष्टी जात असे. तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे विखुरलेल्या होत्या. बेहचेट यांनी १९३७ मध्ये त्या एकाच आजाराच्या म्हणून मांडल्या, आणि आजाराला त्यांचं नाव मिळालं. तुर्कस्तानपासून इराणमार्गे जपानपर्यंत, जुन्या रेशीम मार्गाच्या पट्ट्यात तो जास्त आढळतो; भारतात कमी. पण दाताच्या डॉक्टरांनी डोळ्यांबद्दल आणि जननेंद्रियाबद्दल विचारलं तर रुग्णाने संकोच करू नये, तो प्रश्न याचसाठी असतो.

सीलिअ‍ॅक आजारात गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर खराब होतं आणि लोह, फॉलिक आम्ल शोषलं जात नाही. पोटाची मोठी तक्रार नसताना वारंवार तोंड येणं हेच त्याचं दिसणारं लक्षण असू शकतं. रक्ताच्या एका चाचणीने संशय येतो. ती चाचणी होईपर्यंत गहू सोडायचा नाही, नाही तर चाचणी फसते. निदान झालंच तर ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत ग्लूटेन नाही. क्रोन्ससारखे आतड्याचे आजार, एचआयव्ही, आणि लहान मुलांत ठरावीक अंतराने तापाबरोबर येणाऱ्या जखमा हेही याच यादीत येतात.

औषधांची पिशवीही उघडून पाहावी. छातीत दुखण्यासाठी दिलं जाणारं निकोरँडिल खोल, न भरणाऱ्या जखमा करू शकतं. ते थांबवायचं की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. वयस्कर रुग्ण ते चुकून रोज घेतात, आणि विषबाधेची पहिली खूण तोंडात दिसते. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याचं तोंड अचानक सोललं तर घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

दुखत नाही म्हणून

आतापर्यंतच्या जखमा दुखणाऱ्या आणि जाणाऱ्या होत्या. सर्वांत जास्त काळजी करायची ती न दुखणाऱ्या आणि न जाणाऱ्या जखमेची.

भारतात दरवर्षी एक लाखाहून जास्त लोकांना तोंडाचा कॅन्सर होतो, आणि त्यात तंबाखू-सुपारीचा वाटा मोठा आहे. त्याची सुरुवात बरेचदा एका साध्या दिसणाऱ्या जखमेने होते: एकच, एकाच जागी, बोटाला कडा कडक लागणारी, सुरुवातीला न दुखणारी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या १,०१,७६१ लोकांची तोंडं तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष मांडले होते. अशा पाहण्यांतून तंबाखूच्या सवयी आणि तोंडातले कॅन्सरपूर्व बदल यांचा संबंध पक्का झाला. पुढे केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन नुसत्या नजरेने तोंडं तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. यंत्र नाही, सुई नाही. विजेरी आणि पाहायची सवय इतक्यावर हे झालं.

सुपारी आणि गुटख्याचा आणखी एक परिणाम वारंवार तोंड येण्याच्या वेशात येतो. तिखट अजिबात सोसत नाही, सतत आग होते, अधूनमधून जखमा होतात, आणि हळूहळू गाल ताठ होऊन तोंड कमी उघडू लागतं. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. स्वतःची तीन बोटं उभी करून दातांमध्ये जातात का ते पाहा. जात नसतील तर बी-कॉम्प्लेक्स नको, दाताच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि सुपारी आजच थांबवा.

लावायचं काय?

नेहमीच्या छोट्या जखमेवर उपचारांचं काम इतकंच: वेदना कमी करणं आणि दिवस वाचवणं. ट्रायम्सिनोलोनसारखं स्टेरॉइड असलेलं तोंडात चिकटणारं मलम सर्वांत जास्त वापरलं जातं. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, पहिल्या चुरचुरीलाच, जागा कोरडी टिपून, जेवणानंतर आणि झोपताना पातळ लावायचं. चोळलं तर ते सुटून पोटात जातं. क्लोरहेक्झिडिनच्या गुळण्यांनी जखम लवकर भरायला मदत होते, पण महिनोन्‌महिने वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात. बधिर करणारी जेल जेवणाआधी लावली की घास जातो. कोलीन सॅलिसिलेट असलेली जेल मात्र सोळा वर्षांखालच्या मुलांना लावू नये, असा ब्रिटनच्या औषध नियामकांनी २००९ मध्ये इशारा दिला आहे. तिचं अ‍ॅस्पिरिनशी जवळचं नातं आहे. फार मोठ्या, न थांबणाऱ्या जखमांसाठी कोल्चिसिनपासून थॅलिडोमाइडपर्यंतची औषधं आहेत. १९९७ च्या एका अभ्यासात थॅलिडोमाइडने २९ एचआयव्ही रुग्णांपैकी १६ जणांच्या जखमा चार आठवड्यांत भरल्या, तर पोकळ गोळीने २८ पैकी दोघांच्याच. पण गर्भावर त्याचा भयंकर परिणाम होतो, म्हणून ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

घरातल्या उपायांपैकी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, जखमेवर तुपाचं बोट, ताक, मऊ भात यांना हरकत नाही. जाईचा पाला चघळून बरं वाटत असेल तर चघळावा. पण मधातून टाकणखार बाळाच्या तोंडात फिरवणं थांबवायलाच हवं. ब्रिटनच्या एका बालरोग नियतकालिकात १९८३ मध्ये सात बाळांची नोंद आहे; त्यांच्या चोखणीला मध-टाकणखाराचं मिश्रण लावलं जात होतं आणि त्यांना झटके येत होते. मिश्रण बंद केल्यावर झटके थांबले. वर्षाखालच्या बाळाला नुसता मधही देऊ नये.

डॉक्टरांकडे जाताना

वारंवार तोंड येण्याचं निदान करणारी एकही चाचणी नाही. रक्ताच्या तपासण्या होतात त्या मागचं कारण शोधायला. निदान होतं ते तोंड पाहून आणि रुग्णाचं ऐकून. त्यामुळे रुग्ण जे सांगतो त्यालाच चाचणीची किंमत येते, आणि "सारखं तोंड येतं" या वाक्यातून डॉक्टरांना काहीच मिळत नाही.

तीन महिने कॅलेंडरवर खूण करा. जखम कोणत्या तारखेला उठली, कुठे उठली, एका वेळी किती होत्या, कधी गेली. पाळीची तारीख, नवं औषध, नवी पेस्ट, दातांचं काम, सोडलेलं व्यसन त्याच पानावर लिहा. जखम दिसत असताना मोबाइलने फोटो काढा, कारण वेळ मिळेपर्यंत ती बहुधा बरी झालेली असते. रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.

आणि पुढच्या परिस्थितीत तीन महिने थांबू नका. जखम दोन आठवड्यांत भरली नाही. ती न दुखता कडक लागते. पहिल्यांदाच त्रास चाळिशीनंतर सुरू झाला. जखमा मोठ्या किंवा वरचेवर होऊ लागल्या. त्यांच्यासोबत ताप, जुलाब, घटतं वजन, लाल डोळे, जननेंद्रियावर जखमा किंवा मानेत गाठ आहे. अशा वेळी त्याच आठवड्यात तोंड दाखवायचं. बाकीच्या बहुतेकांना पेस्ट बदलून, धार घासून किंवा कमी असलेलं जीवनसत्त्व भरून बराच आराम पडतो. ज्यांच्यात काहीच सापडत नाही, त्यांनाही वयाबरोबर हा त्रास बहुधा विरळ होत जाईल, हे सांगता येतं. तोपर्यंत निमित्तं टाळायची, आणि कारण शोधून झालं आहे या खात्रीने टाळायची.